शेजारच्या हद्दीत हजारो घरं येणार आहेत: आपल्या नगरपरिषदेनं हरकत कशी नोंदवायची?

पुण्याभोवतालच्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींचे सदस्य, तसंच तिथले रहिवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याच्या आसपासची आहेत. कायदा मात्र राज्यभर तोच असल्यामुळे पनवेलच्या किंवा नाशिकच्या वाचकालाही त्यांचा उपयोग होईल.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. "इथे घरं नकोत" एवढीच हरकत टिकत नाही, आणि टिकूही नये, कारण नोकरीधंद्यासाठी आलेल्या माणसांना राहायला जागा लागतेच. पाणी, मैलापाण्याची सोय, ओढ्याची वाट आणि रस्ता आधी, भोगवटा पत्र (इमारतीत राहायला जायची परवानगी) नंतर, ही मागणी टिकते. ती आकडे आणि नकाशे लावून करावी लागते.

हद्द आमची नाही. मग शेजारच्या आराखड्यावर आमच्या नगरपरिषदेला बोलता येतं का?

येतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. हरकतदार त्याच हद्दीतला असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. पुढे कलम २८ खाली नियोजन समिती हरकतदारांचं म्हणणं ऐकते. नगरपरिषद ही अशीच एक हरकतदार. तिच्याकडे ठरावाची ताकद, अभियंता आणि पाणीपुरवठ्याच्या नोंदी असतात, ही तिची जमेची बाजू.

संविधानाचा आधारही पत्रात जरूर द्या. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेला अनुच्छेद २४३ झेड-ई महानगर नियोजन समितीबद्दल आहे. नगरपालिका आणि पंचायती यांच्या सामाईक हिताच्या गोष्टी या समितीनं लक्षात घ्यायच्या असतात: जागेचं एकमेकांशी जुळणारं नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास, पर्यावरणाचं रक्षण. समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. "तुमचा काय संबंध?" असं कोणी विचारलं, तर हाच तुमचा संबंध.

पत्र नक्की कोणाला पाठवायचं?

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ज्या कार्यालयात घरपट्टी भरली जाते तेच नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी आणि बांधकाम परवानगी देणारी संस्था, असेल, असं नाही. जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण त्या गावांच्या नियोजनाचा अधिकार तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे ठेवला गेला. कर एकाकडे, आराखडा दुसऱ्याकडे. हिंजवडीत तर ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए असे तिघे जण एकाच रस्त्यावर भेटतात. पनवेल भागात गावागावानुसार महापालिका, सिडको किंवा सिडकोचंच नैना क्षेत्र (नवी मुंबई विमानतळाभोवतालचा अधिसूचित भाग).

म्हणून पहिलं काम हे: ज्या गट नंबरांवर घरं येणार आहेत, तिथलं नियोजन प्राधिकरण कोण, हे राजपत्रातल्या अधिसूचनेवरून पक्कं करा. मूळ पत्र त्यांना. प्रती नगररचना विभागाचे सहसंचालक, जिल्हाधिकारी आणि जलसंपदा विभागाला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक क्रमांक आणि शिक्का नसलेली हरकत नोंदवली गेली हे नंतर सिद्ध करता येत नाही.

पीएमआरडीएचा आराखडा तर रद्द झाला. मग आता हरकत कशावर घ्यायची?

पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ च्या जुलैअखेर आला. त्यावर ६५ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. महानगर नियोजन समितीच्या काही सदस्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनं तो प्रारूप आराखडा मागे घेतला.

म्हणून बांधकाम थांबलं आहे, असं कुणी समजू नये. जिथे मंजूर विकास आराखडा नाही तिथे १९९७ साली मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना आणि राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यांच्या आधारे परवानग्या मिळतात. मोठे बदल फुटकळ वाटणाऱ्या जाहिरातींतून येतात: प्रादेशिक योजनेत कलम २० खाली शेती झोनचा निवासी झोन, किंवा मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल. या जाहिराती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतात आणि हरकतीला साधारण महिनाभराची मुदत असते. नगररचना संचालनालयाचं संकेतस्थळ आणि राजपत्र दर आठवड्याला पाहण्याचं काम नगरपरिषदेतल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर लिहून द्या. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

याशिवाय ४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या एकात्मिक नगर वसाहती असतात. त्यांची वाट वेगळी आहे. स्थान मंजुरीच्या टप्प्यावरच पत्र गेलं पाहिजे, कारण इमारती उभ्या राहायला लागल्यावर कोणी ऐकत नाही.

तीस दिवसांत ठराव कसा होणार?

नेहमीच्या चालीनं होत नाही. विषयपत्रिका निघते, सभा तहकूब होते, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होतं आणि तोवर मुदत संपलेली असते. जाहिरात दिसली त्याच आठवड्यात विशेष सभा बोलवा. अभियंत्याची टिपणी ठरावाला जोडा, सूचक-अनुमोदकांची नावं नीट लिहा आणि ठरावाची प्रमाणित प्रत लगेच घ्या. सभा लांबणीवर पडतेच आहे असं दिसलं तर मुख्याधिकाऱ्यांनी आपल्या सहीनं हरकत मुदतीत दाखल करावी आणि ठराव मागाहून जोडत असल्याचं त्यात लिहावं.

मुदतवाढीची मागणी करायला हरकत नाही. तिच्यावर भिस्त मात्र ठेवू नका.

पाण्याचा मुद्दा कसा मांडायचा?

हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि नेमका तोच बहुतेक पत्रांत एका ओळीत उरकलेला असतो: "पाण्याची टंचाई निर्माण होईल." यावर समितीचा शेरा ठरलेला असतो, "नोंद घेतली".

त्याऐवजी हिशेब मांडा. समजा पाच हजार सदनिका आहेत. घरटी चार माणसं धरली तर वीस हजार लोक. गटारव्यवस्था असलेल्या शहरासाठी केंद्राचं मानक माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे रोज २७ लाख लिटर. हे पाणी नळानं आलं नाही तर टँकरनं येणार. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज २७० खेपा, म्हणजे दिवसरात्र मिळून साधारण सव्वापाच मिनिटांना एक भरलेला टँकर तुमच्या बाजारपेठेतून जाणार आणि तितकेच रिकामे परतणार. टँकर भरणार कुठे, तर तुमच्याच शिवारातल्या विहिरी आणि बोअरवेलवर. जलजीवन मिशनमध्ये गावाच्या वाट्याला माणशी ५५ लिटर धरलेले असतात. हा फरकही एका ओळीत लिहा.

मग तीन गोष्टी मागा. पाण्याचा स्रोत कोणता आणि त्यासाठी जलसंपदा विभागाची मंजुरी कधीची, किती दशलक्ष लिटरची? जलशुद्धीकरण केंद्र कुठे? आणि तिसरी, विकासकाचं हमीपत्र. पुण्याच्या भोवती अनेक प्रकल्पांना "पाणीपुरवठा होईपर्यंत विकासक स्वखर्चानं पाणी पुरवील" अशा हमीपत्रावर परवानगी मिळते. सोसायटी स्थापन झाली, विकासक निघून गेला की टँकरचं बिल रहिवाशांच्या गळ्यात. एकात्मिक नगर वसाहतींच्या नियमात भूजल सोडून दुसरा स्रोत दाखवणं किंवा पाणीपुरवठा यंत्रणेची पक्की हमी आणणं बंधनकारक आहे. तीच अट शेजारच्या साध्या गृहप्रकल्पांनाही लावा, अशी मागणी करा.

शुद्धीकरण केंद्राचा आग्रह का, हे जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या नव्यानं शहरात आलेल्या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकवटले. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर. तरी नांदेडच्या विहिरीतलं पाणी शुद्धीकरण केंद्राविना, नुसतं क्लोरीन टाकून घरोघरी जात होतं. घरं आधी आली, केंद्र आलंच नाही. हरकतीत हे उदाहरण नावानिशी द्या.

आणि मैलापाणी?

वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं. वरच्या हिशेबात रोज जवळपास साडेएकवीस लाख लिटर. ते कुठे जाणार, हे नकाशावर बोट ठेवून विचारा. "प्रत्येक प्रकल्पात एसटीपी (मैलाशुद्धीकरण केंद्र) असेल" हे उत्तर पुरेसं समजू नका. एसटीपी बांधणं वेगळं आणि वीजबिल भरून तो वर्षानुवर्षं चालवणं वेगळं. प्रक्रिया केलेलं जास्तीचं पाणी शेवटी ओढ्यातच सुटतं.

आळंदीकरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाला मावळातली गावं, तळेगाव, देहू, पिंपरी-चिंचवड, चाकणचा कारखान्यांचा पट्टा. खाली आळंदी. इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात आणि कार्तिकी वारीला आलेला वारकरी त्याच पाण्यात उतरतो. आळंदीनं स्वतःचं प्रत्येक गटार अडवलं तरी नदी स्वच्छ होणार नाही. तुमची नगरपरिषद नदीच्या खालच्या अंगाला असेल तर हरकतीत एक अट आवर्जून मागा: सामाईक मैलाशुद्धीकरण केंद्र चालू होऊन त्याच्या पाण्याच्या चाचण्या नियमात येईपर्यंत भोगवटा पत्र देऊ नये.

ओढा नकाशातून गायब झालाय. काय करावं?

भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. त्यावर ओढा दोन समांतर रेषांनी दाखवलेला असतो. तोच भाग प्रारूप आराखड्यावर पाहा. कधी ओढा अर्ध्यातच थांबतो, कधी त्या जागी पिवळा निवासी पट्टा सलग रंगवलेला असतो. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात आणून पारदर्शक कागदावर एकमेकांवर ठेवा, फरकाची जागा लाल पेननं दाखवा, गट नंबर लिहा. त्यानंतर तुमच्या हद्दीत ओढा रस्त्याखालून ज्या पहिल्या मोरीतून जातो, तिच्यापाशी टेप घेऊन जा. मोरीची रुंदी, उंची, पाइप असेल तर त्याचा व्यास मोजा, पावसाळ्यातला फोटो जोडा. वरच्या दीडदोनशे एकर मुरमाड माळाचं काँक्रीट झालं तर त्या मोरीतून किती पाणी यावं लागेल, हे अभियंता गणितानं सांगू शकतो.

असा एक कागद भावनिक मजकुराच्या दहा पानांना भारी पडतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, घरं आणि भिंती वाहून गेल्या, माणसं गेली. त्या ओढ्याचं पाणलोट कात्रजच्या डोंगरात, भिलारेवाडी-मांगडेवाडीच्या बाजूला आहे. ती गावं तेव्हा महापालिकेत नव्हती. वर एक प्रशासन, खाली दुसरं, आणि ओढा सलग.

रस्त्यांबद्दल काय मागायचं?

हद्दीवर रस्ते जुळतात का ते पाहा. शेजारचा २४ मीटरचा रस्ता तुमच्या हद्दीत येऊन ९ मीटरच्या बाजाररस्त्याला मिळत असेल तर तो कागदावरच रुंद आहे. एकत्रित नियमावलीत मिळणारं चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल) रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. त्यामुळे रस्ता रुंद दाखवला की इमारत उंच होते आणि त्या इमारतीतली वाहनं तुमच्या अरुंद गळ्यात येऊन अडकतात. रस्ता दोन्ही हद्दींत प्रत्यक्ष ताब्यात येऊन तयार होईपर्यंत त्या रुंदीवरचं वाढीव चटईक्षेत्र देऊ नये, असं लिहा.

शाळा, दवाखाना, स्मशानभूमी?

आराखड्यात आरक्षणं असतातच. पण आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. ताबा कधी, बांधणार कोण आणि तोवर मुलं कोणाच्या शाळेत जाणार, एवढंच विचारा. उत्तर बहुतेक "तुमच्या" असंच निघतं, आणि ते इतिवृत्तात आलेलं बरं.

कचऱ्याचा मुद्दा हरकतीत बसतो का?

बसतो. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. नव्या वस्तीचा ओला कचरा तिच्याच हद्दीत जिरवण्याची जागा आराखड्यात दाखवली नसेल, तर तो कोणाच्या शिवारात जाणार याचा अंदाज बांधायला फुरसुंगीचा इतिहास पुरेसा आहे.

घरपट्टी त्यांना आणि ताण आम्हाला. पैसे मागता येतात का?

मागावेत. अधिनियमाच्या कलम १२४-अ पासून पुढे विकास शुल्काच्या तरतुदी आहेत आणि ते शुल्क नियोजन प्राधिकरणाकडे जमा होतं. शेजारच्या नगरपरिषदेला त्यातला वाटा आपोआप मिळेल अशी सोय कायद्यात नाही, हे आमच्या मते मोठं उणेपण आहे. पण सामाईक रस्ता, पूल, जलवाहिनी किंवा मैलाशुद्धीकरण केंद्र यांचा खर्च दोघांनी कसा वाटून घ्यायचा, याचा लेखी करार करायला कोणी अडवलेलं नाही. हरकतीतच कामांची यादी आणि अंदाजपत्रक द्या. "भरपाई द्यावी" अशा मोघम वाक्यातून छदामही मिळत नाही.

पनवेल परिसरात सिडकोनं वसवलेल्या वसाहती २०१६ मध्ये महापालिकेत आल्या. त्यानंतर मालमत्ता कर आणि सिडकोचं सेवा शुल्क यांवरून रहिवासी बराच काळ भांडत राहिले. सेवा कोण देणार, हस्तांतर कधी आणि तोवर पैसे कोणाला, हे आधीच लिहून घेतलं नाही की सामान्य घरमालक दोन्ही बाजूंनी भरडला जातो.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल ना? तेव्हा बोलू.

नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण गृहप्रकल्प आणि नगर वसाहतींना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. अर्जाची कागदपत्रं केंद्र सरकारच्या 'परिवेश' या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर दिसतात. पाणी कुठून आणणार आणि मैलापाणी कुठे सोडणार, याबद्दल विकासकानं तिथे काय लिहिलंय ते वाचा. विकास आराखड्यात एक आणि परिवेशवर दुसरंच असेल तर राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला लगेच कळवा.

"बाहेरचे लोक येऊन गावाचं गावपण जाईल" हे लिहावं का?

लिहू नका. त्यानं बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचंही वजन जातं. आणि येणारी माणसं उद्या तुमच्याच दुकानात सामान घेणार, तुमच्याच शाळेत मुलं घालणार. त्यांना नळाला पाणी मिळावं, म्हणूनच तुम्ही भांडता आहात, असं ठरावात स्पष्ट लिहा. समितीवर त्याचा परिणाम होतो.

नगरपरिषदेवर प्रशासक असेल तर?

प्रशासक सभेचे अधिकार वापरून ठराव करू शकतो. तो करत नसेल तर माजी सदस्यांनी आणि रहिवाशांनी आपापल्या नावानं हरकती द्याव्यात. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या.

एकाच मजकुरावर हजार सह्या घेतल्या तर जोर येतो का?

थोडा. सारख्या मजकुराच्या हरकती एकत्र करून एकाच शेऱ्यात निकाली निघतात. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या तर वीस वेगळी उत्तरं द्यावी लागतात: एकीनं शाळेतला पट, दुसऱ्यानं विहिरीची उन्हाळ्यातली पातळी, तिसऱ्यानं रुग्णवाहिका चौकात अडकते ते.

सुनावणीला कोणी जायचं?

नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठा अभियंता. बोलायला दहा-पंधरा मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा भाषण नको. पहिल्या मिनिटाला नकाशा टेबलावर, दुसऱ्या मिनिटाला पाण्याचा हिशेब, मग मागितलेल्या अटींचा एक कागद. उठण्याआधी तो कागद कार्यवाहीत घेतल्याची नोंद करून घ्या.

हरकत फेटाळली तर सगळं संपलं का?

नाही. कलम ३० खाली आराखडा सरकारकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजुरी मिळते. त्या दरम्यान नगरविकास विभागाकडे निवेदन देता येतं. सरकारनं सारभूत स्वरूपाचे बदल सुचवले तर त्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही दुसरी खिडकी अनेकांना माहीतच नसते. पहिल्या वेळी फेटाळलेला मुद्दा त्या भागाशी संबंधित असेल तर तेव्हा नव्या पुराव्यासह पुन्हा द्या.

मंजुरीनंतरही काम उरतं. माहिती अधिकारात अर्ज करून प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या परवानगीतल्या अटी मिळवा. पाण्याचं हमीपत्र, एसटीपीची क्षमता, ओढ्यापासून सोडलेलं अंतर या नोंदींची एक वही नगरपरिषदेत ठेवा. भोगवटा पत्राची वेळ आली की कोणती अट पुरी झाली आणि कोणती राहिली, हे त्या प्राधिकरणाला लेखी कळवा. भोगवटा पत्र एकदा दिलं गेलं की लोक राहायला येतात, आणि मग टँकर बंद करा असं म्हणायची कोणाची छाती होत नाही. जे अडवायचं ते त्याच्या आधी.